बॉनेटला बाहेरून कुलूप, म्हणजे प्रोटोटाइप?

आज थेट प्रश्नालाच हात घालू. जुन्या जॅग्वार ई-टाइपच्या बॉनेटला बाहेरून कुलूप दिसलं, तर ती गाडी प्रोटोटाइप समजायची का?

नाही. मार्च 1961 मध्ये जिनिव्हात ही गाडी लोकांसमोर आली आणि विक्रीच्या पहिल्या साधारण 500 गाड्यांना असंच कुलूप होतं. टी आकाराच्या किल्लीने ते उघडायचं. नंतर खटका आत गेला. सपाट फ्लोअरचंही तेच, 1962 मध्ये तो पायांसाठी खोलगट केला. हे झालं व्हर्जन 1.0. प्रोटोटाइप म्हणजे त्याच्याही आधीची टेस्टिंग ब्रँच. (कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला असंच सुचतं!)

खरा प्रोटोटाइप बघायचाय? मग 1960 ची ई-टू-ए बघा. ल मान्सच्या शर्यतीत ती ब्रिग्ज कनिंगहॅमच्या टीमने उतरवली. चालवायला डॅन गर्नी आणि वॉल्ट हॅन्सगेन. शर्यत काही पूर्ण झाली नाही. पण तेव्हाचे फोटो बघा: ड्रायव्हरच्या डोक्यामागे माशासारखा उभा पंख. हा जुन्या डी-टाइपचा वारसा. मागच्या चाकांना मात्र स्वतंत्र सस्पेन्शन, जे पुढे ई-टाइपला मिळालं. अशी अर्धी जुनी, अर्धी नवी सरमिसळ दिसली की कान टवकारायचे.

आता गंमत. तिच्या बॉनेटवर एक ठळक फुगवटा आहे. तो ल मान्सला होता का? नव्हता. तिथे 3 लिटरचं इंजिन होतं. नंतर अमेरिकेतल्या शर्यतींसाठी 3.8 लिटरचं बसवलं, ते उंच, म्हणून बॉनेट फुगवलं. पुढे गाडी इंग्लंडला परतली आणि तिच्यावर डनलॉपच्या मॅक्सारेट ब्रेकची चाचणी झाली. ही चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा मुळात विमानांसाठी बनलेली.

म्हणजे एकाच गाडीवर तीन काळांचे थर. म्हणून विचित्र भाग दिसला की मी आधी तारखा असलेले फोटो वर्षांनुसार लावतो. तो भाग पहिल्यांदा कधी दिसतो? त्याआधीच्या फोटोत तिथे काय आहे? थोडक्यात, गिट ब्लेम.

खरी भीती वाटते ती हौशी रिस्टोअररची. ‘कॅटलॉगमध्ये असं नाही’ म्हणत त्याने फुगवटा सपाट केला, जास्तीची भोकं बुजवली, की कमिट हिस्ट्रीच पुसली. आणि बॅकअप? तिच्या आधीची ई-वन-ए भंगारातच काढली गेली. ई-टू-ए वाचली आणि 2008 मध्ये लिलावात जवळपास 50 लाख डॉलरला गेली.

तिचे ल मान्सचे आणि नंतरचे अमेरिकेतले फोटो शेजारी ठेवून झूम करा. आधी बॉनेट बघा.