विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कोणी निवडावा?

पारोळ्यातील एखादा मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षात जातो, तेव्हा घरची माणसे त्याला दोन उपदेश आवर्जून करतात. पहिला, वेळेवर जेवीत जा; आणि दुसरा, तिथल्या निवडणुकांच्या भानगडीत पडू नकोस. पहिला उपदेश सर्वथा योग्य आहे. दुसऱ्याचा थोडा विचार व्हावा म्हणून आम्ही हे चार शब्द लिहावयास घेतले आहेत. मौज अशी की, १९९४ पासून महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पडण्यासारखी ही भानगड शिल्लकच उरली नव्हती. उपदेश मात्र पिढीजात ठेवीसारखा चालत आला.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९८९ हे वर्ष या प्रकरणी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात घटनेची एकसष्टावी दुरुस्ती अमलात आली आणि मतदाराचे किमान वय एकवीसवरून अठरावर आले. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकांच्या दिवसांत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, आणि या निवडणुकांविषयी समाजात अगोदरच साचलेली नाराजी पराकोटीस पोहोचली. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने जुनी पद्धत मोडीत काढली. तात्पर्य, ज्या पिढीस देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार मिळाला, त्याच पिढीकडून आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार काही वर्षांतच काढून घेण्यात आला. अठरा वर्षांचा तरुण लोकसभेसाठी मत देण्याइतका शहाणा, पण बाकावर शेजारी बसणाऱ्या सोबत्यांतून एक निवडण्याइतका शहाणा नाही, असा याचा अर्थ झाला.

१९९४ च्या कायद्याची योजना अशी होती. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत गुणवत्ता दाखविलेला विद्यार्थी प्राचार्यांनी नेमावयाचा. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, सांस्कृतिक कार्य यांतून एकेक आणि शिवाय दोन विद्यार्थिनी, याही प्राचार्यांनीच नेमावयाच्या. आणि या नेमलेल्या मंडळींनी आपल्यातून एक सचिव निवडावयाचा. अशा सचिवांतून पुढे विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी यावयाचे.

ही योजना करणारांना केवळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. ज्यांनी त्यापूर्वीचा काळ पाहिला आहे, त्यांना ‘जी. एस.’ आणि ‘यू. आर.’ ही दोन बिरुदे आठवत असतील. पुष्कळ ठिकाणी वर्गप्रतिनिधींच्या मतांवर ती मिळत. मतदार मूठभर असल्यामुळे त्यांना मेजवान्या देणे, सहलीच्या निमित्ताने मतदानाच्या दिवसापर्यंत दूर नेऊन ठेवणे, प्रसंगी धाक घालणे, असे प्रकार कानी येत. बाहेरचे पुढारी त्यात पैसा ओतीत. अशा वेळी कोणाही पालकास वाटावे की, हे सारे एकदाचे थांबले तर बरे. परंतु डोके दुखते म्हणून डोकेच काढून ठेवण्याचा उपाय कोणी करीत नाही. रोग पैशाचा आणि धाकाचा होता. औषध मात्र मताला लागू केले गेले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी आम्हास प्रिय आहे. सारा जन्म अशा मुलांच्या वह्या तपासण्यात गेला. पण विद्वत्ता हा एक गुण आहे आणि प्रातिनिध्य हे दुसरेच काम आहे. शाळेत वर्गप्रमुख नेमताना आम्ही दोन्ही रीती वापरून पाहिल्या आहेत. पहिल्या क्रमांकाच्या मुलास नेमले असता फळा स्वच्छ राही आणि हजेरीपुस्तक वेळेवर येई. पण मागच्या बाकावरील मुलाने फी का भरली नाही, हे आमच्यापर्यंत पोहोचत नसे. मुलांनी हात वर करून निवडलेला वर्गप्रमुख पुष्कळदा गणितात कच्चा असे. परंतु कोणाच्या घरी वडील आजारी आहेत, कोणाची एस. टी. पहाटे निघते, हे त्याला ठाऊक असे, आणि ते तो आम्हास येऊन सांगे. नेमलेला मुलगा गुरुजींचा माणूस होता. निवडलेला मुलगा वर्गाचा माणूस होता. दोघेही गुणी होते. प्रतिनिधी मात्र दुसराच.

विद्येला मान देणाऱ्या आपल्या घरांत ही गोष्ट चटकन पटत नाही, म्हणून एक जुना दाखला देतो. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातील, चोळ राजा परांतक याच्या काळचा शिलालेख आहे. वेदाध्ययन केलेल्या ब्राह्मणांच्या ग्रामसभेच्या समित्या कशा निवडाव्यात, याचे नियम त्यात कोरले आहेत. नावे ताडपत्रावर लिहून घटात टाकावयाची आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढवावयाची, अशी ती रीत होती. उमेदवारास विद्या हवी, हे त्यात आहेच. परंतु पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो, आणि त्याचे आप्तसुद्धा, अपात्र, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. विद्वानांच्या सभेसही केवळ विद्या पुरेशी वाटली नाही. जबाबदारी आणि हिशेब यांना तिने तितकेच वजन दिले. प्राचीन बौद्ध संघांतही मतभेदाच्या प्रसंगी शलाका वाटून मते मोजीत. तेव्हा मत घेण्याची कल्पना परदेशाहून आली आणि आपल्या परंपरेत बसत नाही, असे कोणी म्हणू नये.

परदेशचा दाखला हवाच असेल तर तोही मोठा गमतीचा आहे. इटलीतील बोलोन्या हे युरोपातील अतिप्राचीन विद्यापीठ. तेथे मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघच कारभार पाहत, आपल्यातून ‘रेक्टर’ निवडीत आणि वर्गावर उशिरा येणाऱ्या अध्यापकास दंड करीत. आम्ही स्वतः अध्यापकवर्गातील असल्यामुळे या शेवटच्या व्यवस्थेची शिफारस करीत नाही! परंतु विद्यापीठ ही शिकविणाऱ्यांइतकीच शिकणाऱ्यांचीही संस्था आहे, ही जाणीव इतकी जुनी आहे, एवढे ध्यानात यावे. अलीकडच्या काळात १९१८ साली अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या कारभारात वाटा मागितला, आणि ते लोण दक्षिण अमेरिकेतील देशांत पसरले.

आपल्या देशातही या प्रश्नाचा विचार वेळोवेळी झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने या कामी माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीचा अहवाल मागविला आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी त्यातील शिफारशी लागू केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपलीकडे जाऊ नये. छापील भित्तिपत्रके लावू नयेत, हाताने लिहिलेली चालतील. वर्गातील हजेरी शेकडा पंचाहत्तर असावी. राजकीय पक्षांस दूर ठेवावे. सारी निवडणूक दहा दिवसांत आटोपावी, असे ते नियम आहेत. आमच्या दृष्टीने त्यातील सर्वांत महत्त्वाची सूचना वेगळीच आहे. वातावरण बिघडलेले असेल तेथे काही काळ नेमणुकीची पद्धत चालेल, पण ती निव्वळ परीक्षेतील गुणांवर आधारलेली नसावी, आणि पाच वर्षांच्या अवधीत सर्वांनी निवडणुकीकडे वळावे, असे समितीने सांगितले.

महाराष्ट्राने त्यासाठी २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यापर्यंत वाट पाहिली. १ मार्च २०१७ पासून तो अमलात आला. त्याच्या नव्व्याण्णवाव्या कलमात महाविद्यालयातील अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि मागासवर्गीयांतील एक प्रतिनिधी हे सर्व विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष मतदानाने निवडण्याची तरतूद झाली. येथे मूठभरांऐवजी सारा विद्यार्थिवर्ग मतदार होतो, हे जुन्या दोषाचे खरे औषध होय. चाळीस मते पळवून नेता येतात; चार हजार पळवून नेता येत नाहीत. पण कायदा झाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. २०१९ साली निवडणुकांची घोषणा झाली आणि त्या पुढे ढकलण्यात आल्या. पाठोपाठ २०२० साली करोनाची साथ आली. आणि कायदा अमलात आल्यानंतरची पहिली आठ वर्षे प्रत्यक्ष मतदानावाचून निघून गेली. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा धरला तर जवळजवळ तीन पिढ्या मत न देताच बाहेर पडल्या.

याने आमच्या भागातील मुलांचे काय बिघडले, असे कोणी विचारील. पारोळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गिरणेच्या परिसरात आमचे विद्यापीठ आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन ते स्थापन झाले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. सातपुड्यात धडगावकडील पाड्यांवरून येणारी, घरात प्रथमच पदवीचे पुस्तक उघडणारी मुलगी, आणि जळगाव शहरात शिकवण्या लावून शिकलेला मुलगा, ही दोघेही त्याची लेकरे. निकालास लागणारा विलंब, फेरतपासणीचे शुल्क, वसतिगृह, शिष्यवृत्ती, एस. टी. चा पास, या गोष्टी त्या मुलीस जशा कळतात तशा गुणवत्ता यादीवरून कळणाऱ्या नव्हेत. विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधर, प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक बसतात. विद्यार्थी परिषदेच्या पदाधिकाऱ्यांचे तेथील आसन कोणाच्या कृपेने मिळालेले नसून मतांनी मिळालेले असेल, तरच ते निर्भयपणे बोलतील.

मुले अपरिपक्व असतात, हा आक्षेप खानदेशाने तरी घेऊ नये. आमच्या शेजारच्या अमळनेरास साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले आणि १९२८ साली ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढले. विद्यार्थ्याशी जाणत्या माणसाप्रमाणे बोलावे, ही त्यामागील भावना होती. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीत गोळी लागून पडला, तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. दहा दिवसांच्या निवडणुकीने अभ्यास बुडत नाही. वर्षभर कोणाच्या तरी मागे झेंडे घेऊन हिंडल्याने बुडतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, ‘भानगडीत पडू नकोस’ एवढ्यावर न थांबता मुलांस नीट रीत शिकवावी. उभे राहावयाचे तर पैसा कोणाचा, हे प्रथम विचार. मत देताना आपल्या जातीचा किंवा गावचा कोण, हे न पाहता हिशेब कोण देईल, ते पाहा. हरलास तर जिंकलेल्याचे अभिनंदन करून दुसऱ्या दिवशी वर्गात वेळेवर जा. आणि मुलगी उभी राहावयाचे म्हणाली, तर तिला अडवू नका.

पोहणे काठावर बसून येत नाही, आणि एकदम भर पुरात उडी टाकूनही येत नाही. महाविद्यालय ही आपल्या बोरी नदीच्या पात्रातील उथळ जागेसारखी आहे. हातपाय मारण्यास तेथे शिकू दिले नाही, तर हीच मुले उद्या थेट पुरात उतरतील. आणि त्या पुरात आपण सारेच उभे असू.