जॅक्सन, महेलिया
(२६ ऑक्टोबर १९११ – २७ जानेवारी १९७२). अमेरिकन गॉस्पेल गायिका. कृष्णवर्णीय अमेरिकनांचे ख्रिस्ती भक्तिगायन ध्वनिमुद्रिकांद्वारे जगभर पोहोचविणाऱ्यांत तिचे स्थान अग्रगण्य आहे. जन्म न्यू ऑर्लीन्स येथे, गरीब कुटुंबात. लहानपणीच आई वारल्याने मावशीने तिचा सांभाळ केला. बॅप्टिस्ट चर्चमधील समूहगान आणि बेसी स्मिथच्या ब्लूज गीतांच्या तबकड्या हे तिच्यावरील दोन प्रमुख गानसंस्कार होत. १९२७ मध्ये ती शिकागोस आली व मोलमजुरी करीत चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागली.

याच शहरात टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हा मूळचा ब्लूज वादक भक्तिगीतांना ब्लूजची लय व सुरावट देत होता. त्यातूनच आधुनिक गॉस्पेल गायन घडले. टाळ्या व देहाचे डोलणे यांसह होणारे हे गायन अनेक प्रतिष्ठित चर्चना प्रारंभी रुचले नाही. उपासनेला लोकांच्या परिचयाचे गानरूप देण्याचा असा प्रयत्न महाराष्ट्रातही झाला. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंग-भजनांत आणली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वसई, भाईंदर, उत्तन या भागांतील कॅथलिक उपासनेत मराठी गायनाला स्थान मिळाले.

जॅक्सनचे पहिले ध्वनिमुद्रण डेका कंपनीने १९३७ मध्ये केले. त्या चार गीतांना प्रतिसाद बेताचाच मिळाला. ब्लूज गाण्याची सूचना तिने नाकारली व पुढील नऊ वर्षे तिची नवी तबकडी निघाली नाही. १९४६ मध्ये तिने ॲपोलो कंपनीशी करार केला. १९४७ मध्ये मुद्रित झालेल्या ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ या गीताने तिला देशव्यापी कीर्ती मिळवून दिली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. म्हणून हे गीत दोन्ही बाजूंवर विभागावे लागले. तरी तिच्या लाखो प्रती खपल्या. शब्द लांबवून त्यावर स्वरांची आंदोलने घेणे, लय सैल सोडून पुन्हा आवळणे आणि श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार ओळी फिरवून गाणे, ही तिच्या शैलीची वैशिष्ट्ये होत. पियानोवादक मिल्ड्रेड फॉल्स हिची साथ तिला दीर्घकाळ लाभली.

१९५० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिचे गायन झाले. १९५४ पासून ती कोलंबिया कंपनीसाठी गाऊ लागली. तेथे वाद्यवृंदाची जोड व मोठा श्रोतृवर्ग लाभला. मात्र या सुबक मांडणीत चर्चमधील उत्स्फूर्तता कमी झाल्याचा आक्षेपही घेतला गेला. १९५८ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ या ध्वनिमुद्रिकेत तिने भाग घेतला. पुढे तिला ग्रॅमी पारितोषिकेही लाभली. मद्यगृहांत न गाण्याचा निश्चय तिने अखेरपर्यंत पाळला.

नागरी हक्कांच्या चळवळीत तिने आपले गायन उपयोगात आणले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथील विराट सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वी ती गायिली. १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीप्रसंगीही तिने डॉर्सीचे गीत गायिले. १९७१ मधील भारतदौऱ्यात मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे तिचे कार्यक्रम झाले. शिकागोजवळील एव्हरग्रीन पार्क येथे तिचे निधन झाले.