बोलायचे राहून जाते ते

नवराबायकोच्या भांडणाला मराठीत शब्दांची वानवा नाही. आमटीत मीठ जास्त पडले, तर अर्धा तास पुरेल एवढी भाषा प्रत्येक घरात असते. पण 'आणखी मूल हवे का, आणि नको असेल तर काळजी कुणी घ्यायची?' एवढे विचारायची वेळ आली, की भल्याभल्यांची वाचा बसते. मराठी शिकवण्यावर ज्याचे पोट, तो मीही याला अपवाद नव्हतो.

धाकटी वर्षाची झाली आणि घरात ठरले, 'आता ऑपरेशन.' म्हणजे अर्थातच हिचे! आईने ठरवले, मावशीने दुजोरा दिला, मी मान हलवली. त्या रात्री दिवा मालवताना ही म्हणाली, "अहो, सगळ्यांनी ठरवलंत, मला कुणी विचारलंच नाही."

लग्नाला सात वर्षे झाली होती, आणि या विषयावरचे आमचे ते पहिले बोलणे. तिला शस्त्रक्रियेचे भय होते. मला माझ्या पुरुषत्वाचे. बोलून दाखवल्यावर दोन्ही भये निम्मी झाली.

आणि हे कुठे? ज्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या महाराष्ट्रात! या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली, खटले झाले. तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. आपण मात्र अजून कुजबुजतोच आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे अडतीस जणींची नसबंदी झालेली आढळली. नवऱ्याच्या नसबंदीवर विसंबलेल्या होत्या हजारात तीन! वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. तिने पौरुष उणे होत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्य तपासून घ्यावे लागते.

वाचकहो, हे बोलणे ऐन वेळेवर ढकलू नका. संध्याकाळी फिरायला जाताना काढा. आधी विचारा, मग सांगा. गोळ्या, तांबी, इंजेक्शन यांनी गर्भ टळतो, रोग टळत नाही. त्यासाठी निरोधच हवा. शंका असेल तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. 'तुझ्यावर संशय आहे' असे नव्हे, 'दोघांची काळजी आहे' असे म्हणावे. आणि डॉक्टरांकडे जायचे ते जोडीनेच.

आमच्या घरी शेवटी शस्त्रक्रिया माझी झाली. त्याच दिवशी घरी आलो. हिने चहा पुढे केला आणि विचारले, "फार दुखतंय का हो?"

तोवर हा प्रश्न आमच्या घरात नेहमी तिलाच विचारला जात असे. तोही कधी विचारला गेलाच तर.