फुलं खरी घ्या, पण बजेट कोमेजू देऊ नका!

लग्न ठरलं, हॉल बुक झाला, मेन्यू फायनल झाला... आणि मग आलं डेकोरेटरचं कोटेशन! दुपारपर्यंत माना टाकणाऱ्या फुलांसाठी एवढे पैसे? डोळे पांढरे होऊ देऊ नका. जरा डोकं लावलंत, तर लग्न फुलांनी भरून जाईल आणि खिसाही शाबूत राहील.

हल्ली अनेक मुलं-मुली लग्नाचा खर्च स्वतःच्या पगारातूनही करतात. म्हणजे स्टेजवर वाया गेलेला प्रत्येक रुपया हा थेट तुमच्या घराच्या डाउन पेमेंटमधला रुपया असतो. पण आईला 'फुलं कमी करू या' म्हणून बघा! 'लोक काय म्हणतील' हे वाक्य ठरलेलं. तेव्हा फुलं कमी करायची नाहीत, हुशारीनं घ्यायची. फंडा सिंपल आहे.

आधी कोटेशन फोडा

डेकोरेटर एक गोल आकडा सांगतो आणि आपण त्यातच घासाघीस करतो. चूक! त्या आकड्यात फुलं असतात, शिवाय लोखंडी फ्रेम, कापड, लायटिंग, टेम्पो आणि रात्रभर जागणाऱ्या कारागिरांची मजुरीही असते. म्हणून हिशेब वेगवेगळा मागा : फुलं किती, स्ट्रक्चर किती, लेबर किती. फुलं खरी की कापडी, हेही लिहून घ्या. नाहीतर पैसे खऱ्याचे आणि माल भाड्याचा, असं व्हायला वेळ लागत नाही. आणखी एक, बऱ्याच हॉलमध्ये बाहेरचा डेकोरेटर आणला की 'रॉयल्टी' भरावी लागते. हॉलला अॅडव्हान्स देण्याआधी हा प्रश्न विचाराच.

कॅलेंडर बघा, मग फूल निवडा

आपण फोटो बघून फूल ठरवतो आणि तिथेच गंडतो. फुलांचे भाव ऋतू आणि सणांवर नाचतात. झेंडूचा दसरा-दिवाळीला थाट असतो, दिवाळी सरली की भाव उतरतो. तुळशीचं लग्न लागलं की आपल्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, तेव्हा झेंडू आणि शेवंती हे तुमचे बेस्ट फ्रेंड! मात्र मार्गशीर्षातले गुरुवार सांभाळा. घरोघरी महालक्ष्मीची पूजा असते, त्यामुळे वेण्या-फुलांचे भाव आदल्या दिवसापासूनच चढतात.

फेब्रुवारीत लग्न आहे आणि लाल गुलाबांचा स्टेज हवाय? 14 तारखेच्या आसपास असेल तर विसरा. मावळातल्या पॉलिहाउसमधला गुलाब व्हॅलेंटाइन डे डोळ्यांसमोर ठेवूनच छाटलेला असतो. त्यातला चांगला माल परदेशी जातो आणि उरलेल्यावर सगळ्यांचीच उडी पडते. मोगऱ्याचं उलटं. त्याचा खरा बहर उन्हाळ्यातला. एप्रिल-मेच्या लग्नात गजरे खुशाल वाटा, पण डिसेंबरात मोगऱ्याचा हट्ट धरलात तर तो चांगलाच महागात पडतो. आणि ऑर्किड? ते बरंचसं थायलंडहून येतं. विमानाचं भाडं कोण भरणार, तुम्हीच ना?

पहाटेचा बाजार

मुंबईकरांसाठी दादरचा फूलबाजार, पुणेकरांसाठी गुलटेकडीचं मार्केट यार्ड. इथे जायचं तर पहाटे. सुटी फुलं किलोवर मिळतात, जरबेरा दहाच्या आणि डच गुलाब वीसच्या जुडीत. पावसात भिजलेला झेंडू मात्र टाळा. किलोमागे पाण्याचेच पैसे मोजाल आणि फूलही लवकर सडेल. मोगऱ्याच्या घट्ट कळ्या घ्या. सकाळी घेतलेली कळी संध्याकाळी उमलते, म्हणजे रिसेप्शनला गजरा अगदी घमघमणार!

पण सगळं स्वतः करायच्या फंदात पडू नका. मेंदीच्या हातांनी रात्री दोन वाजता माळा ओवणारी बहीण सकाळी फोटोत कशी दिसेल, याचा विचार करा. पूजेची सुटी फुलं, गजरे, तोरणं आणि हळदीची सजावट बाजारातून आणा. बोहला, स्टेज आणि कमान डेकोरेटरवर सोडा. बाजारात मामाला पाठवू नका, त्याला मंडपात काम आहे! भाव करू शकणारा एखादा मित्र पकडा.

कॅमेरा जिथे, फुलं तिथे

अल्बम डोळ्यांसमोर आणा. बोहला, स्टेजची पाठ, प्रवेशद्वार आणि तुमच्या गळ्यातले दोन हार. बास! कोपऱ्यातल्या खांबाला गुंडाळलेला जरबेरा कोणीही आठवत नाही. उरलेली जागा हिरव्यानं भरा. केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, नारळाच्या झावळ्या हे सगळं आपलंच आहे, स्वस्त आहे आणि दिसतंही झकास. नर्सरीतून कुंड्या भाड्यानं मिळतात, त्याही चालतील. एका ठिकाणी मात्र कंजूषपणा नको. हार उत्तमच घ्या, कारण प्रत्येक फोटोत ते असणार आहेत.

प्लॅस्टिकचा मोह

'प्लॅस्टिकची लावू या, स्वस्त पडतात,' असं कोणीतरी म्हणणारच. पण वास नाही, ताजेपणा नाही आणि क्लोजअपमध्ये धूळसुद्धा दिसते. दुसरी बाजूही बघा. कर्ज काढून पॉलिहाउस उभारणारा शेतकरी आपल्याच आसपासच्या तालुक्यांतला असतो आणि भाव पडला की त्याच्यावर माल फेकून द्यायची पाळी येते. त्यामुळे महागडं परदेशी फूल नको आणि प्लॅस्टिकही नको. हंगामातलं, जवळच्या शेतातलं खरं फूल घ्या. तुमचेही पैसे वाचतात आणि त्याचंही घर चालतं.

लक्षात ठेवा

* त्याच दिवशी हॉलमध्ये दुसरं लग्न असेल तर त्या कुटुंबाशी बोला. सजावटीचा खर्च निम्मा-निम्मा वाटता येतो.
* सीमांतपूजनाचे झेंडू, शेवंती दुसऱ्या दिवशी सहज चालतात. तेच पुन्हा वापरा.
* जरबेरा थोड्याच पाण्यात ठेवा, जास्त पाण्यात दांडा कुजतो. गुलाबाचा दांडा तिरका कापा आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका.
* पत्रिकेवर 'कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत' असं छापा. पाहुण्यांचाही खर्च वाचेल.
* लग्नानंतर फुलं नदीत नाही, सोसायटीच्या खतखड्ड्यात!