वायद्याचें घर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण रूढ झाली, त्या काळीं गवंडी, सुतार आणि चुनेवाला हेच काय ते घरधन्यास छळणारे असत. शहरांतून स्वतः जागा घेऊन घर बांधण्याचे दिवस आतां जवळ जवळ संपले. बांधलेली सदनिका विकत घेणें हाच मध्यम स्थितींतील कुटुंबाचा मार्ग उरला, आणि छळणाऱ्याचें स्वरूपहि पालटलें. ‘पुढच्या महिन्यांत खरेदीखत करूं’ असें गोड शब्दांत सांगणारा विक्रेता तो हाच. भांडण नाहीं, नकार नाहीं. केवळ एकामागून एक वायदे. ह्या वायद्यांस तोंड कसें द्यावें, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

दिरंगाईची झळ एकट्या कर्त्या पुरुषास लागत नाहीं. इसार दिलेला असतो, तो अडकतो. बँकेनें मंजूर केलेल्या कर्जास कांहीं महिन्यांचीच मुदत असते, ती टळून जाते. जुन्या बिऱ्हाडाच्या मालकास जागा सोडण्याची तारीख कळविलेली असते. मुलांचीं नांवें नव्या घराजवळच्या शाळेंत घातलेलीं असतात. आणि ज्यांस जिने चढवत नाहींत म्हणून लिफ्टचें घर पाहिलें, ते आजी-आजोबा आणखी एक पावसाळा तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतात.

सर्व प्रकारच्या उशिरास एकच औषध लागूं पडत नाहीं. म्हणून प्रथम कारण शोधावें. पुष्कळदां घर दिवंगत वडिलांच्या नांवावर असतें, आणि बोलणी करणाऱ्या मुलानें बहिणींच्या सह्या गृहीत धरलेल्या असतात. मृत्युपत्र नसल्यास वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत हिंदु कुटुंबांतील मुलगी १९५६ पासून बरोबरीची वारस आहे, आणि वडिलोपार्जित मिळकतींतहि २००५ च्या दुरुस्तीनें तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. बहीण परदेशीं असली तर मुखत्यारपत्र येईपर्यंत महिने जातात. वारसांत एखादें अज्ञान मूल असून त्याचा स्वतंत्र हिस्सा विकावयाचा असेल, तर पालकास न्यायालयाची परवानगी आणावी लागते. कांहीं घरांचे मूळ दस्तऐवज बँकेंत गहाण असतात. कांहीं विक्रेत्यांस स्वतःचेंच नवें घर मिळालेलें नसतें. हीं सर्व कारणें प्रामाणिक असूं शकतात. परंतु मधल्या काळांत भाव चढला किंवा अधिक देणारें गिऱ्हाईक आलें, म्हणूनहि वायदे होतात. ह्या दोहोंतील भेद ओळखण्याची एक साधी खूण आहे. प्रामाणिक विक्रेता कारणाबरोबर कागद दाखवितो आणि तारीख सांगतो. दुसऱ्याचें कारण प्रत्येक भेटींत निराळें असतें.

शहाण्यानें हीं कारणें इसार देण्यापूर्वींच विचारावीं, आणि वकिलाकडून मालकीचा शोध घेऊन जें निघेल तें साठेखतांत उतरवावें. येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मिळकत हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणें नुसत्या साठेखतानें घराची मालकी मिळत नाहीं. ती नोंदलेल्या खरेदीखतानेंच मिळते. शिवाय स्थावर मिळकतीच्या व्यवहारांत ठरलेली मुदत हा कराराचा प्राण आहे असें न्यायालयें सामान्यतः मानीत नाहींत. म्हणून तारीख नुसती घालून भागत नाहीं. मुदत पाळणें ही कराराची मुख्य अट आहे असें स्पष्ट लिहावें. कोणता कागद कोणत्या दिवसापर्यंत यावयाचा, उशीर झाल्यास दरमहा काय भरपाई, आणि किती दिवसांनंतर रक्कम व्याजासह परत मागतां येईल, हेंहि लिहावें. मात्र ही तलवार दुधारी आहे. जी मुदत विक्रेत्यास बांधते, ती आपल्यासहि बांधते. तेव्हां बँकेचे पैसे हातीं येण्यास लागणारा वेळ हिशेबांत धरूनच तारीख ठरवावी.

दुसरी गोष्ट पैशाची. रक्कम कामाच्या पावलाबरोबर द्यावी, पावलाच्या आधीं नव्हे. बहिणींच्या सह्या झाल्या कीं एक हप्ता. गहाण सोडवावयाचें असेल तर ती रक्कम विक्रेत्याच्या हातीं न देतां त्याच्या कर्जखात्यांत परस्पर भरावी आणि बँकेची पोंच घ्यावी. सर्वांत मोठा हप्ता खरेदीखताच्या नोंदणीच्या दिवशीं, ताबा आणि किल्ल्या घेतांना द्यावा. ‘सह्या झाल्या, नोंदणी सवडीनें करूं’ हाहि एक वायदाच आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत तो नोंदणीस सादर करावयाचा असतो. त्यानंतर दंड आणि खटपट दोन्ही वाढतात.

इतकें करूनहि वायदे सुरू झाले तर काय करावें? येथें आपल्या सुशिक्षित घरांचा खरा शत्रु पुढें येतो, आणि तो म्हणजे भीड. विक्रेता ओळखीचा असतो, कोणाच्या तरी नात्यांतला असतो. ‘पत्र कशास पाठवावयाचें, वाईट दिसेल’ असें घरांतलींच वडील माणसें म्हणतात. परंतु सभ्य शब्दांत लिहिलेलें पत्र हा अपमान नव्हे. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याखालीं खरेदीखत करून मागणाऱ्यास, आपला भाग पुरा करण्यास आपण सतत तयार आणि राजी होतों, हें सिद्ध करावें लागतें. २०१८ च्या दुरुस्तीनें असा हुकूम मिळण्याचा मार्ग पूर्वींपेक्षां पुष्कळ सुकर झाला आहे, तरी ही अट कायम आहे. कर्जमंजुरीचें पत्र, बँकेंतील शिल्लक आणि ‘आम्ही अमुक दिवशीं नोंदणीस हजर राहूं’ असें कळविणारीं पत्रें हाच तो पुरावा. गप्प बसलेला खरेदीदार मनांतून कितीहि तयार असला तरी न्यायालयास तें दिसत नाहीं.

मुदतीचा कायदा तर भिडेला मुळींच ओळखत नाहीं. असा दावा करण्यास करारांत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षें मिळतात. तारीख ठरली नसल्यास विक्रेत्यानें नकार दिल्याचें कळल्यापासून तीन वर्षें. तोंडी वायद्यांनीं ही मुदत वाढेल अशा भरंवशावर राहूं नये. मुदतवाढ द्यावीशी वाटली तर अवश्य द्यावी, पण ती दोघांच्या सहीनें, नवी तारीख घालून द्यावी. दावा करण्याची वेळ आलीच तर घराबरोबरच, तें न मिळाल्यास रक्कम परत मिळावी, ही मागणीहि अर्जींत घालण्यास वकिलास सांगावें.

बांधकाम चालूं असलेलें घर बिल्डरकडून घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्यासाठीं २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, आहे. नोंदलेल्या करारावांचून बिल्डरास किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. ठरल्या दिवशीं ताबा न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागावे किंवा घर कायम ठेवून प्रत्येक महिन्याच्या उशिराबद्दल व्याज घ्यावें, ही निवड खरेदीदाराची आहे. बिल्डरनें कोणती तारीख जाहीर केली आहे, तें ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर पाहतां येतें. जुनें घर त्याच्या खासगी मालकाकडून घेणाऱ्यास मात्र हें छत्र नाहीं. त्याचें छत्र त्याचें साठेखतच.

एकत्र कुटुंबास ह्या कामीं एक सोय आहे, ती वापरावी. बोलण्याचें काम घरांतील एका वडील माणसाकडे द्यावें, म्हणजे विक्रेत्यास चार जणांकडून चार उत्तरें मिळणार नाहींत. दप्तराचें काम एखाद्या व्यवस्थित सुनेकडे किंवा मुलाकडे द्यावें. प्रत्येक भेटीची तारीख, दिलेला प्रत्येक पैसा आणि आलेलें प्रत्येक पत्र तेथें जमा व्हावें. वडिलांच्या तोंडीं गोडवा असावा आणि मुलांच्या हातीं कागद असावा. ज्या घरांत हीं दोन्ही कामें नीट चालतात, तेथें विक्रेत्याचे वायदे सहसा फार दिवस टिकत नाहींत.