खाण बंद पडली, पण राखणदाराची ड्यूटी काही संपत नाही

पुण्याच्या मार्केट यार्डात दुपारनंतर गर्दी ओसरते. गाळे बंद होतात, हमाल आडोशाला टेकतात. पण रात्री गाड्या लागायला लागल्या की पहाटे पुन्हा पाय ठेवायला जागा नसते. खाणीच्या गावाचं तसं नसतं. तिथलं काम थांबलं की माणसं पांगतात, आणि मागे उरतो खड्डा, मातीचे डोंगर आणि एखादा राखणदार.

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या भागात हे घडलेलं आहे. 2010-11 मध्ये तिथून 5 कोटी टनांहून जास्त लोहखनिज परदेशी गेलं. 2012 मध्ये काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी बंद पडल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. चहाच्या टपऱ्या, गॅरेज, खानावळी सगळ्यांनाच झळ बसली.

मग काम नाही तर राखणदार कशाला? भंगारचोर हे एक कारण आहेच. लोखंड, केबल, डिझेल, मोटारी काहीही शिल्लक राहत नाही. पण खरं कारण आहे पाणी.

गोव्यातल्या बऱ्याच खाणी भूजलाच्या पातळीखाली खोदलेल्या आहेत. खाण चालू असते तेव्हा पंप सतत पाणी उपसत असतात. त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी आटतात, शिरगावसारख्या गावांची हीच जुनी तक्रार. पंप थांबला की खड्डा भरू लागतो. विहिरींना पाणी येतं हे चांगलंच, पण कोकणपट्टीतला पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. खड्ड्याची कड खचली किंवा मातीचा ढीग घसरला तर लाल गाळ थेट भातशेतीत. एकदा तो खाचरात बसला की काढणं शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

म्हणून पावसाळ्यात बंद खाणीवरच्या माणसाला खरी कसरत असते. कडेनं फेरी मारायची, भेगा बघायच्या, चर मोकळे ठेवायचे, गाळ अडवणारे बांध तपासायचे, पाणी वाढलं की पंप लावायचा. उन्हाळ्यात वेगळंच. पोहायला आलेली पोरं हाकलायची, गुरं कडेपासून लांब ठेवायची. खड्ड्यातलं पाणी निळं-हिरवं, शांत दिसतं, पण कड सरळ तुटलेली असते. उतरलेल्याला वर यायला पायरी नसते. कोकणात गावाच्या सीमेवरच्या देवालाही राखणदारच म्हणतात. त्याला वर्षाला मान मिळतो, या राखणदाराला मिळाला तर पगार.

हे सगळं कुणी करायचं? कायद्यानं लीजधारकानं. खाण बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यायचा, बंद झाली तरी धोक्याची तोंडं कुंपणानं बंद ठेवायची, त्यासाठी आर्थिक हमीही द्यायची. घोळ होतो तो मालक बदलताना. 2022 मध्ये गोवा सरकारनं जुन्या लीजधारकांना जागा सोडायला सांगितलं, मग लिलाव सुरू झाले. एक गेला, दुसरा यायचाय, पण पाऊस कुणासाठी थांबत नाही. अशा मधल्या काळात पंप कुणी चालवायचा, हा खालच्या शेतकऱ्याचा प्रश्न असतो.

आपल्या तालुक्यात लोहखनिज नसेल, पण सोडून दिलेली दगडखाण बहुतेकांनी पाहिली असेल. दगड, मुरूम हे गौण खनिज. परवानगी राज्याच्या 2013 च्या नियमांखाली मिळते, त्यामुळे दाद तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे मागायची. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही असतो. मोठ्या खनिजांच्या जुन्या लीजवर रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या लीजवर 10 टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. अर्ज करताना गट नंबर, खड्ड्याचे फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.