मच्छीमारी नौकेवरील विद्युत् व्यवस्था

यांत्रिक मच्छीमारी नौकेवरील दिवे, बिनतारी संच, मार्गदर्शक उपकरणे, पाणी उपसण्याचा पंप आणि एंजिन सुरू करणारे चलित्र (मोटर) यांना वीज पुरविणारी, १२ किंवा २४ व्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची व्यवस्था. संचायक घटमाला (बॅटरी) हा तिचा गाभा असून एंजिनावर चालणाऱ्या जनित्राने घटमालेचे भारण होते. रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर, तसेच हर्णै, जयगड, साखरी नाटे येथील लाकडी व काचतंतुयुक्त प्लॅस्टिकच्या नौकांवर अशी व्यवस्था आढळते. स्वतंत्र जनित्रावरील २३० व्होल्ट दाबाच्या विजेचे धोके वेगळे असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही.

कमी दाबाच्या विजेचा धक्का सहसा जाणवत नाही. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात येथे धोका दाबाचा नसून प्रवाहाचा असतो. मोठ्या घटमालेचा अंतर्गत रोध एक शतांश ओहमहूनही कमी असतो. तिच्या दोन अग्रांवर लोखंडी पाना आडवा पडल्यास हजाराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो. पाना तापून लाल होतो व लगतचे लाकूड किंवा तेलकट चिंध्या पेट घेतात. किनाऱ्यापासून दूर असलेल्या नौकेवर लागलेली आग विझविण्यास खलाशांखेरीज कोणी नसते. म्हणून धन अग्रापासून निघणाऱ्या तारेवर, अग्राच्या शक्य तितकी जवळ, वितळतार (फ्यूज) बसवितात. ती तारेच्या क्षमतेनुसार निवडावी लागते. वितळलेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळण्याची सवय ही सर्वांत घातक होय. घटमाला काढताना ऋण अग्राची जोडणी प्रथम सोडतात व बसविताना ती शेवटी करतात.

तारेची जाडी हा दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. घटमालेपासून १० मी. अंतरावरील, १० अँपिअर प्रवाह घेणाऱ्या उपकरणास जाऊन-येऊन २० मी. तार लागते. ती २·५ चौ. मिमी. छेदाची असल्यास सु. १·४ व्होल्ट दाब तारेतच खर्ची पडतो, म्हणजे १२ व्होल्टमधील सु. १२ टक्के, १० चौ. मिमी.च्या तारेत ही घट जेमतेम ३ टक्के होते. खाऱ्या हवेत साधे तांबे काळे पडून सांध्यांचा रोध वाढतो व सांधा तापतो. यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरणे श्रेयस्कर. परतीच्या मार्गासाठीही स्वतंत्र निरोधित तार असावी. एंजिन किंवा धातूचे इतर भाग यांतून प्रवाह परत नेल्यास भटक्या प्रवाहामुळे पाण्यातील प्रचालक पंखा व त्याचा दंड झपाट्याने झिजू शकतात.

शिसे-अम्ल घटाचे भारण पूर्ण होत आल्यावर (प्रत्येक घटास सु. २·४ व्होल्ट दाब) त्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू सुटतात. हवेत हायड्रोजनाचे प्रमाण ४ टक्के झाले, तरी ठिणगीने मिश्रण पेटू शकते. हायड्रोजन हलका असल्याने डेकखाली छताशी साठतो. म्हणून घटमालेच्या पेटीस वरच्या बाजूस वायुवीजन हवे. याउलट स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास नौकेच्या तळाशी साचतो. दोन्ही वायूंचा विचार करून ठिणगी पडणारी बटणे या जागांपासून दूर ठेवावी लागतात. घटात खारे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. पाणबुड्यांच्या इतिहासात हा धोका सुपरिचित आहे. घटात केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. अम्ल डोळ्यांत गेल्यास भरपूर गोड्या पाण्याने बराच वेळ धुऊन तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

वीज नाहीशी होणे हाही अपघातच होय. रात्रभर दिवे जाळून रिती झालेली घटमाला एंजिन सुरू करू शकत नाही आणि तिच्यावर चालणारा बिनतारी संचही मुका होतो. यामुळे एंजिनासाठी एक व इतर उपकरणांसाठी दुसरी, अशा दोन घटमाला ठेवतात. तळातील पाणी उपसणारा स्वयंचलित पंप मुख्य स्विचाच्या आधी, स्वतंत्र फ्यूजमधून जोडतात, म्हणजे नांगरलेल्या नौकेतही तो चालू राहतो. एंजिन चालू असताना मुख्य स्विच बंद केल्यास जनित्रातील एकदिशकारक निकामी होण्याचा संभव असतो. पूर्ण भारित १२ व्होल्ट घटमाला विश्रांत स्थितीत सु. १२·६ व्होल्ट दाब दाखविते; सु. १२ व्होल्टला ती बहुतांशी रिती झालेली असते.

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका ओढून ठेवल्यावर घटमाला आपोआप रिती होत जाते व पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटाचे टणक स्फटिक जमतात. त्यामुळे ती उतरवून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तिचे भारण करावे. अलीकडे वापरात आलेल्या लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालांना हा दोष नाही. तथापि त्यांना योग्य भारणयंत्र व नियंत्रक मंडल लागते, आणि ते मंडल धोका ओळखून पुरवठा एकाएकी तोडू शकते.